दुमजली दालन आणि जिना : हे काम सुट्या मजुरीत वाटू नका

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बंगल्यांची बांधकामे आता नवलाची राहिलेली नाहीत. नेरळपासून कशेळेपर्यंत आणि चौकपासून खोपोलीपर्यंत मुंबई-पुण्याच्या लोकांनी आठवड्याच्या सुट्टीसाठी घरे बांधली आहेत व बांधीत आहेत. मुंबईच्या माणसाला या डोंगरांची ओढ जुनीच आहे. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती सर आदमजी पीरभॉय या व्यापाऱ्याच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसैन यांच्या मेहनतीने उभी राहिली होती. पुढे २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ही ओढ डोंगरमाथ्यावरून पायथ्याच्या गावांत उतरली.

या घरांतून आपल्या सुतारांना, रंगाऱ्यांना, फॅब्रिकेशनवाल्यांना, लादी बसवणाऱ्यांना आणि हार्डवेअरच्या दुकानदारांना रोजी मिळते. परंतु एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. बंगल्यातील जे काम सर्वांत मोलाचे, तेच आपले कारागीर सर्वांत स्वस्तात करून देतात. ते काम म्हणजे प्रवेशदालन आणि जिना. मुख्य दरवाजा उघडताच जिथे छत थेट दुसऱ्या मजल्याच्या वर जाते, एका बाजूने जिना चढतो आणि वर गॅलरीचा कठडा दिसतो, ती ही जागा. पाहुणा प्रथम तीच पाहतो. घरातील माणसे रोज तिथूनच चढतात-उतरतात. आणि घरात कोणी पडले, तर बहुधा इथेच पडते.

आज हे काम कसे होते? सेंटरिंगवाला जिना ओतून जातो. गवंडी गिलावा करतो. लादीवाला चौरस फुटाने, फॅब्रिकेशनवाला धावत्या फुटाने आणि रंगारी पुन्हा चौरस फुटाने दर घेतो. वायरमन शेवटी येऊन झुंबर टांगतो. प्रत्येकाचे माप वेगळे, प्रत्येकाची परांची वेगळी आणि एकाची चूक दुसऱ्याच्या माथी. शेवटी मालक मुंबईहून सजावटकार बोलावतो. तो हेच कारागीर घेऊन, हेच साहित्य वापरून, एकच नकाशा काढून काम पुरे करतो आणि मधली कमाई त्याची होते. त्याच्याकडे असे कोणते हुन्नर आहे, जे आपल्याकडे नाही? आमच्या मते ते एकच आहे. तो या जागेकडे एक काम म्हणून पाहतो आणि सुरुवातीलाच माप घेतो. तेवढेच आपण शिकायचे आहे.

पहिला धडा : पायरीचे माप

जिन्याची शोभा कठड्यात किंवा ग्रॅनाइटमध्ये नसून पायरीच्या मापात असते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लोंदेल नावाचा वास्तुशिल्पी होऊन गेला. माणसाच्या चालीवरून त्याने एक सूत्र मांडले, ते आजही जगभर चालते. पायरीच्या उंचीची दुप्पट घ्यावी, त्यात पाऊल ठेवण्याची रुंदी मिळवावी. बेरीज साधारण २४ ते २५ इंच यावी. उंची ७ इंच आणि रुंदी ११ इंच असेल तर चौदा अधिक अकरा, पंचवीस. असा जिना म्हातारा माणूसही न थांबता चढतो. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा जास्त आणि रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १० इंचांपेक्षा कमी नसावी. ही अखेरची मर्यादा आहे. जागा असताना तिथपर्यंत जाऊ नये.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, खालच्या तयार लादीपासून वरच्या तयार लादीपर्यंत उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच आहे. ७ इंचांनी भागले की बरोबर १८ उंच्या येतात. मध्ये लँडिंग ठेवून नऊ-नऊच्या दोन ओळी कराव्यात. नऊ उंच्यांच्या ओळीत पाऊल ठेवायच्या पायऱ्या आठच येतात, कारण नववी पायरी म्हणजे लँडिंगच. आठ गुणिले ११ इंच म्हणजे ८८ इंच, अर्थात ७ फूट ४ इंच. त्यात साडेतीन फुटांचे लँडिंग मिळवले की लांबी १० फूट १० इंच झाली. दोन्ही ओळी साडेतीन फूट रुंद व मधली फट अर्धा फूट धरली तर रुंदी साडेसात फूट. म्हणजे अकरा बाय साडेसात फुटांची जागा नकाशावर मिळाली, तर जिना सुखाचा होईल. जागा आठच फूट लांब असेल, तर मालकाला ते पाया खणण्यापूर्वी सांगायला हवे. स्लॅब पडल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

वर आम्ही ‘तयार लादीपासून’ असे मुद्दाम म्हटले आहे. सर्वांत जास्त जिने इथेच बिघडतात. समजा, सेंटरिंगवाल्याने सर्व पायऱ्या काँक्रीटमध्ये अचूक सात-सात इंचांच्या ओतल्या. नंतर पायऱ्यांवर दीड इंचाचा थर चढला, परंतु खालच्या दालनात माल व लादी मिळून तीन इंच चढले आणि वरच्या मजल्यावरही तीन इंच चढले. आता पहिली पायरी साडेपाच इंचांची झाली आणि शेवटची साडेआठ इंचांची. मधल्या सर्व सात इंचांच्या. चढताना पायाला सात इंचांची सवय होते आणि शेवटच्या पायरीला ठेच लागते. उतरताना तर पहिलेच पाऊल साडेआठ इंच खाली जाते. माणूस म्हणतो, ‘पाय घसरला.’ खरे तर पाय घसरलेला नसतो, माप घसरलेले असते. अमेरिकेच्या घरबांधणी नियमात एका ओळीतील सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपणही हाच दंडक पाळावा.

याला उपाय सोपा आहे. सेंटरिंग करण्यापूर्वी मालकाकडून लादीची व पायरीच्या दगडाची जाडी निश्चित करून घ्यावी. मग पाण्याच्या नळीने लेव्हल काढून भिंतीवर तयार पायऱ्यांची रेघ मारावी आणि त्या रेघेखाली जाडी वजा करून काँक्रीट ओतावे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. त्याची मजुरी वेगळी लावावी. ही रेघ मारणारा कारागीर मालकाच्या नजरेत त्याच दिवशी मिस्त्री ठरतो.

डोक्यावरची मोकळी उंचीही विसरू नये. पायरीपासून वरच्या स्लॅबच्या किंवा तुळईच्या तळापर्यंत २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास अंतर असावे. जिन्याखाली कपाट करायचे असेल, तर तेही याच वेळी नकाशावर दाखवावे.

दुसरा धडा : कठडा हा दागिना नव्हे

मालकाला ‘खुला खुला’ कठडा हवा असतो. चित्रातील बंगल्यात तीन आडव्या नळ्या आणि मध्ये मोकळी हवा असते. इथे कारागिराने गप्प बसू नये. आडव्या नळ्या म्हणजे लहान मुलासाठी शिडीच. आणि दुमजली दालनात वरच्या गॅलरीच्या कठड्यापलीकडे दहा-अकरा फुटांची पोकळी आणि खाली लादी असते.

कठड्याबाबत तीन नियम ध्यानात ठेवावेत. एक, गज उभे असावेत. दोन, दोन गजांमधील फट ४ इंचांपेक्षा जास्त नसावी. राष्ट्रीय संहितेत यापेक्षा मोठी फट चालते. पण परदेशात ४ इंचांचा गोळा पार होता कामा नये असा नियम आहे, कारण मुलाचे अंग जिथून जाते तिथे डोके अडकते. तीन, गॅलरीचा कठडा तयार लादीपासून किमान १ मीटर उंच असावा. गच्ची व बाल्कनीसाठी संहितेत १ ते १.२ मीटर उंची दिली आहे. आमच्या मते दुमजली दालनात साडेतीन फूट धरणे उत्तम.

याचा खर्च किती? गॅलरी १४ फुटांची, म्हणजे १६८ इंचांची असेल आणि गज १ इंच जाडीचा असेल, तर ६ इंचांच्या फटीसाठी २४ गज लागतात आणि ४ इंचांच्या फटीसाठी ३३. फरक नऊ गजांचा. नऊ गजांसाठी एखाद्या घरचे मूल धोक्यात घालावे का? हा प्रश्न मालकाला शांतपणे विचारला, तर बहुतेक मालक नऊ गजांचे पैसे आनंदाने देतात. हट्टाने नाही म्हणणारा भेटला, तर ते काम सोडलेले बरे.

काचेच्या कठड्याची मागणीही वाढली आहे. साधी काच कधीही लावू नये. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक खडे होऊन सर्वच्या सर्व खाली कोसळते. म्हणून गॅलरीला दोन टफन्ड काचांमध्ये पडदा चिकटवलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. ती फुटली तरी बराच वेळ जागेवर धरून राहते. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. त्यामुळे भोकांची मापे खांब उभे राहिल्यावरच घ्यावीत.

खांब बसवताना बोल्ट लादीत न अडकता काँक्रीटच्या स्लॅबमध्ये खोल गेला पाहिजे. माणूस कठड्याला टेकतो तेव्हा सारा जोर खांबाच्या बुडाशी येतो. काम झाल्यावर दोन धिप्पाड माणसांनी आतल्या बाजूने कठडा धरून जोरात हलवून पाहावा. हलला तर तसाच सोडून जाऊ नये.

तिसरा धडा : आपला पाऊस आणि बंद घर

मुंबईच्या फ्लॅटचे साहित्य कर्जतच्या बंगल्यात टिकेलच असे नाही. माथेरान याच तालुक्यात आहे आणि तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पायथ्याच्या गावांतही मुंबईपेक्षा जास्तच पडतो. त्यात हे घर सोमवार ते शुक्रवार बंद. ओल आत कोंडते आणि दुमजली भिंतीवर बुरशीचे डाग उठतात. उन्हाळ्यात उलट त्रास. गरम हवा वर चढून छताखाली अडकते आणि वरच्या खोल्या तापतात.

म्हणून दालनाच्या अगदी वर, छताखाली, हवा बाहेर जाण्यासाठी झडपा ठेवाव्यात. त्यांना बाहेरून छज्जा व आतून बारीक जाळी असावी. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला मोठी काच हवीच असेल, तर खोल छज्जा घ्यावा आणि चौकटीभोवतीची फट उत्तम सीलंटने बुजवावी. वीस फुटांवरची गळती नंतर शोधणे फार महागात पडते.

बाहेरच्या भिंतीवर कागद चिकटवू नये. नवा गिलावा महिनाभर तरी सुकू द्यावा, मगच पुट्टी व प्रायमर. बुरशीरोधक प्रायमरचा दर वेगळा लिहावा. लाकडी पॅनेल लावायचे तर भिंत व लाकूड यांत पट्ट्या ठोकून हवेसाठी जागा ठेवावी आणि वाळवीचा इलाज आधी करावा. प्लायवूड घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता शिक्का पाहावा. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का आहे. आयएस ३०३ मध्ये साधा व ओल सोसणारा असे दोन्ही दर्जे येतात, तेव्हा दर्जाही वाचावा. सागवानाच्या फळ्या थेट वखारीतून आणून पायरीवर ठोकू नयेत. दोन आठवडे त्या बंगल्यातच, खाली ठोकळे देऊन हवेशीर ठेवाव्यात. लाकूड जागेची हवा घेते आणि मग त्याची फुगणी-आकसणी कमी होते.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत आपले फॅब्रिकेशनवाले बंधू अनेकदा फसतात किंवा नकळत मालकाला फसवतात. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०२ दर्जात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते. ते स्वस्त मिळते, पण आपल्या पावसाळी हवेत लवकर तांबूस डाग धरते. पुष्कळ जण चुंबक लावून पाहतात. त्याने ही ओळख पटत नाही, कारण दोन्हींना चुंबक फारसे चिकटत नाही. बाजारात तपासणीचे द्रावण मिळते. त्याचा थेंब टाकला की जास्त मँगेनीजचे स्टील लाल रंग दाखवते. ही बाटली प्रत्येक दुकानात असावी. २०२ वापरायचे असेल, तर ते बिलावर लिहून वापरावे. खोपोलीच्या लोखंड-पोलादाच्या परंपरेशेजारी राहणाऱ्यांनी पोलादाची पारख तरी नीट केली पाहिजे.

पायरीसाठी आरशासारखा पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसाळ्यात धोक्याचा. ओल्या पायाने माणूस घसरतो. खरखरीत पृष्ठभागाचा दगड किंवा कोटा घ्यावा. पॉलिशचा हट्टच असेल, तर पायरीच्या कडेला तीन खाचा मारून घ्याव्यात.

चौथा धडा : उंचावरचे काम, उंचावरचा दर

रंगाऱ्यांनी हा हिशेब नीट पाहावा. दालन १२ बाय १४ फूट व २१ फूट उंच आहे. एका बाजूला गॅलरी मोकळी, बाकी तीन भिंती. त्यांची लांबी १४, १२ व १४ मिळून ४० फूट. गुणिले २१ म्हणजे ८४० चौरस फूट. दरवाजाचे ३० व वरच्या खिडकीचे ४८ वजा केले की ७६२ चौरस फूट उरतात. आता यांपैकी १० फुटांपर्यंतचे किती? ३७०. आणि १० फुटांच्या वरचे ३९२. म्हणजे निम्म्याहून अधिक काम परांचीवरचे आहे! तरीही आपला रंगारी साऱ्या भिंतीला खोलीचाच दर लावतो. मग परांचीचा खर्च वाचवण्यासाठी टेबलावर घोडी, घोडीवर शिडी असा प्रकार सुरू होतो. एखाद्या घरचा कमावता माणूस असा पडला, की साऱ्या वर्षाची कमाई एका दिवसात जाते आणि कधी माणूसच जातो.

यासाठी दरपत्रकात तीन ओळी लिहाव्यात : १० फुटांपर्यंतचे काम, १० फुटांवरचे काम आणि परांचीचे भाडे. मालकाला वेगवेगळे दाखवले की त्याला पटते. बांबूची परांची असेल तर पावसाळ्यात बांबू निसरडे होतात व बांधणी सैल पडते. रोज सकाळी गाठी तपासाव्यात. लोखंडी पाइपची परांची भाड्याने मिळते, दालनाच्या कामासाठी ती बरी. वर जाणाऱ्या प्रत्येकाला पट्टा असावा आणि तो परांचीलाच न बांधता पक्क्या आधाराला बांधावा.

परांची एकदाच उभी करावी. छताचे प्लास्टर ऑफ पॅरिस, झुंबराचा हूक, वायरिंग, वरच्या खिडकीची काच, वरच्या भिंतीचा रंग ही सारी कामे एकाच परांचीवर, वरून खाली या क्रमाने उरकावीत. परांची उतरल्यावर पायऱ्यांचा दगड, मग कठडा आणि सर्वांत शेवटी पॉलिश. पाच जणांनी पाच वेळा परांची बांधण्यापेक्षा एकदा बांधून खर्च वाटून घेण्यातच टोळीचा फायदा आहे.

पाचवा धडा : झुंबर आणि उजेड

झुंबराच्या मापाचा ठोकताळा असा : दालनाची लांबी व रुंदी फुटांत मिळवावी, तितक्या इंचांचा घेर-व्यास घ्यावा. १२ अधिक १४, म्हणजे २६ इंच. उंचीसाठी दालनाच्या प्रत्येक फुटामागे अडीच इंच, म्हणजे २१ फुटांना साडेबावन्न इंच. झुंबराचा तळ जमिनीपासून किमान ७ फूट वर असावा. दुमजली दालनात तो वरच्या गॅलरीतूनही शोभून दिसेल अशा उंचीवर ठेवतात.

हूक स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांना बांधून टाकावा. खोट्या छताला कधीही वजन देऊ नये. टांगण्यापूर्वी झुंबराच्या चौपट वजन हुकाला तासभर लटकवून पाहावे. आणि बल्ब कोण बदलणार, धूळ कोण पुसणार, हेही आजच ठरवावे. खाली उतरणारी चरखी बसवली, तर मालक दर वर्षी तुमची आठवण काढील.

जिन्याच्या तळाशी व माथ्याशी दोन्हीकडून चालणारे टू-वे स्विच असावेत. पायऱ्यांजवळ फूटभर उंचीवर छोटे दिवे दिल्यास रात्री मोठा दिवा लावावा लागत नाही. काही घरांत गॅलरीतून खालचे पाहुणे दिसू नयेत व खालून घरातील बायका दिसू नयेत अशी इच्छा असते. तिथे लाकडी जाळी हा जुना व सुंदर उपाय आहे. हवा-उजेड येतो, आडोसाही होतो आणि आपल्या सुतारांचा हातही दिसतो.

पाहून शिका

शिकण्यासाठी दूर जायला नको. कर्जतहून सुटणारी लोकल ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, त्या इमारतीचे काम एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षे चालले. तिच्या घुमटाखालच्या जिन्याच्या दगडी पायऱ्या एका टोकाने भिंतीत धरलेल्या आहेत, दुसऱ्या बाजूला खांब नाही. इमारतीच्या नक्षीकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात लागला आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली खुले झाले. मध्ये दुमजली दालन, भोवती गॅलरी, बिडाचे खांब व कठडे, रंगीत छत, सारे एका हातचे वाटावे असे. २००३ नंतर त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वेळेची व सुट्टीची चौकशी करून पोरांना घेऊन जावे. कठड्याचा नमुना, रंगांची संगती, पायरीची रुंदी वहीत उतरवून आणावी. तिथे खांब, कठडा, छत आणि जिना यांपैकी कोणीही दुसऱ्याशी भांडत नाही, हे विशेष पाहावे.

घराजवळचा एक नमुनाही उपयोगी आहे. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत २००८ सालच्या ‘जोधा अकबर’ चित्रपटासाठी भव्य महालांचे सेट उभे राहिले. सेटवरचे काम कॅमेऱ्यासाठी असते, काही महिने टिकले तरी पुरे. घरचा जिना चाळीस-पन्नास वर्षे म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि मुलांना वाहून नेतो. सेटची नक्कल घरात करताना हा फरक विसरू नये.

सहावा धडा : टोळी आणि कागद

आमची सूचना अशी की गावातील एक सुतार, एक फॅब्रिकेशनवाला, एक लादीवाला, एक रंगारी आणि एक वायरमन यांनी मिळून ‘दालन व जिना’ हे काम अंगावर घ्यावे. एकाने माप व नकाशा सांभाळावा आणि त्याचा मोबदला हिशेबात धरावा. दुकानदारांनी अशा टोळीला साहित्याचे नमुने व योग्य उधारी द्यावी. त्यांचाही माल एकगठ्ठा जाईल.

प्रत्येक काम कागदावर असावे. साहित्याचा दर्जा, लादीची जाडी, गजांची फट, उंचीचे वेगळे दर, वाढीव कामाचा दर आणि पैशाचे टप्पे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही, अंमल मात्र कमी आहे. तोंडी कामात शेवटचा हप्ता बुडतो आणि संबंधही बिघडतात.

सरकारी सोयींकडेही पाठ फिरवू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार व गवंडी यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत व विनातारण कर्जाची तरतूद आहे. या कर्जाला व्याज आहे, तेव्हा ते घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रशिक्षण व अवजारांची मदत तरी सोडू नये. ज्यांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले आहे व ज्यांचे वय १८ ते ६० आहे, त्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. परांचीवर चढणाऱ्याने तर ती आधी करावी.

थोडक्यात, काम सुरू करण्यापूर्वी या गोष्टी पाहाव्यात :

• तयार लादीपासून तयार लादीपर्यंत उंची मोजली काय?
• सर्व पायऱ्या सारख्या येतात काय?
• गजांची फट ४ इंचांच्या आत आहे काय?
• हूक स्लॅबमध्ये आहे काय?
• वर हवेच्या झडपा आहेत काय?
• परांची व उंचीचा दर वेगळा लिहिला काय?
• कागदावर सह्या झाल्या काय?

बंगला दुसऱ्याचा असला, तरी जिन्यावरून उतरणारे मूल आणि परांचीवर चढलेला मजूर हे कोणाच्या तरी घरचेच असतात. मापात काम करणारा कारागीर दोघांनाही सांभाळतो, आणि मालक पुढच्या वेळी त्यालाच शोधीत येतो. कर्जत-खालापुरात काम पुष्कळ आहे. ते दुसऱ्याच्या हाताखाली करायचे की आपल्या नावावर, हे आता आपल्या पट्टी-ओळंब्यावर अवलंबून आहे.